नकाशाच्या कोपऱ्यातले नाव

इंदुताई सोमकुवर यांची आणि माझी भेट होण्याआधी त्यांचा कूलर माझ्या खोलीवर येऊन पोचला होता. मे महिना होता. मिरजेहून करारावरच्या नोकरीसाठी नागपूरला येताना, उन्हाळा म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे अशा भ्रमात मी होतो. एका घराच्या गच्चीवरची खोली मला स्वस्तात मिळाली आणि ती स्वस्त का आहे हे तीन दिवसांत कळले. चौथ्या दिवशी कार्यालयात चक्कर येऊन मी खुर्चीतच बसून राहिलो. ज्यांच्या हाताखाली मला काम करायचे होते त्या सोमकुवर मॅडम तेव्हा रजेवर होत्या. तरी त्याच दुपारी पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ सायकलरिक्षावर भलाथोरला कूलर बांधून माझ्या दारात हजर झाले.

"तुमीच काय ते मिरजवाले?"

मी हो म्हटले.

"मंग हा ठेवून घ्या. बाई म्हणे, नवीन पोरगं आहे, उन्हानं मरून राहिलं असंल. दिवसातून दोनदा पाणी टाकजा. अन् खिडकी उघडी ठेवजा, नाही तं लय दमट होते."

हे नामदेवराव, ताईंचे यजमान, शाळेत मास्तर. त्यांनी माझ्याकडून रिक्षाचे भाडेही घेतले नाही आणि चहाही घेतला नाही. पुढच्या सोमवारी ताई कार्यालयात आल्या. त्यांच्याविषयी मी बरेच ऐकले होते, त्यामुळे भूगर्भातल्या थरांविषयी काहीतरी गंभीर प्रश्न येईल म्हणून मी रात्रभर वाचून आलो होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "कूलर चालून राहिला ना?"

ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर अधिकाराने लिहिणारे अनेक जण आहेत. मला संपादकांनी 'आठवणी' लिहायला सांगितल्या. म्हणजे माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा नाही हे उघड आहे, आणि ते योग्यच आहे. मी एकाच नकाशाबद्दल लिहिणार आहे. त्या नकाशाच्या कोपऱ्यात आज जे नाव आहे ते चुकीचे आहे. ते बदलून घेण्याचे माझे काम गेली पंधरा वर्षे अडलेले आहे, आणि ते अडवून धरणारी व्यक्ती दुसरीतिसरी कोणी नसून खुद्द सत्कारमूर्ती आहेत.

जे वाचक आमच्या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमची कंपनी मूळची कोळसा शोधणारी. कन्हान, खापा या बाजूला खाणींसाठी पाहण्या करत करत ती मोठी झाली, म्हणून तिचे तांत्रिक कार्यालय नागपुरात. पुढे उत्तर गुजरातेत जमिनीवरचे तेल आणि वायू शोधण्यासाठी एक मोठा पट्टा कंपनीला मिळाला आणि कोळशाची माणसे बघता बघता तेलाची झाली. सर्वांना ते जमले असे नाही. ताईंना जमले, कारण नवे शिकायची त्यांना कधीच लाज वाटली नाही.

तेल शोधण्यासाठी जमिनीत छोटी छिद्रे पाडून सुरुंग उडवतात, किंवा जड ट्रकने जमीन थरथरवतात. ती लहर खाली जाते, खडकांच्या थरांवर आपटून परत येते, आणि जमिनीवर मांडलेली हजारो यंत्रे ती टिपतात. पूर्वी ही यंत्रे एका रांगेत मांडत, त्यामुळे जमिनीचा एकच उभा काप हाती येई. त्रिमितीय सिस्मिक म्हणतात त्या पद्धतीत सगळ्या शिवारावर यंत्रांचे जाळे पसरतात आणि भूगर्भाचा अख्खा ठोकळा मिळतो. संगणकावर तो उभा कापा, आडवा कापा, हवा तसा फिरवून पाहा. मग त्यातून खडकांचा नकाशा काढायचा. खडकांचा थर घुमटासारखा वर उचललेला असेल आणि वर घट्ट झाकण असेल, तर त्याखाली तेल किंवा वायू साचलेला असू शकतो.

हे सर्व आपल्याला समजले आहे असे मला पहिल्याच महिन्यात वाटू लागले. ताईंना तसे वाटत नव्हते. एका शनिवारी त्या मला शहरातल्या लाकूडबाजारात, लकडगंजला घेऊन गेल्या.

लकडगंजच्या एका आरा मशीनवर ताईंच्या वडिलांनी आयुष्यभर ओंडके कापले. आईवडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ताई अगदी लहान होत्या. दीक्षेनंतर घरात एक नवा नियम आला, तो म्हणजे पोरगी शाळा चुकवणार नाही. नियमाला तापाचा अपवाद होता, पावसाचा नव्हता. शाळा सुटली की वडिलांना डबा पोचवायला जायचे आणि भुशाच्या ढिगावर बसून गणिते सोडवायची, असे त्यांचे बालपण. ताई हे सांगतात ते हसत सांगतात. ऐकणाऱ्याने गळा दाटून आणला तर त्यांना राग येतो, हे मी अनुभवावरून लिहितो आहे.

आरा मशीनवरचे एक म्हातारे मिस्त्री त्यांना पाहताच म्हणाले, "इंदू, तू अजून लाकडंच पाहाले येतं का वं?"

"लाकडं नाही काका, पोरगं आणलं दाखवाले," ताई म्हणाल्या.

मिस्त्रींनी आमच्यासाठी सागाचा एक ओंडका फाडला. ताईंनी फळ्या ओळीने भिंतीला लावल्या. "ही गाठ पाह्य. पहिल्या फळीत इथं. दुसरीत बोटभर सरकली. तिसरीत अजून. झाडातली गाठ तिरपी जाते, फांदी तिथून निघते ना. आता हा ओरखडा पाह्य. सगळ्या फळ्याईवर एकाच जागी. हा झाडाचा नाही. हा करवतीच्या दाताचा."

मी मान डोलावली. खरे सांगायचे तर माझे लक्ष समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीकडे होते. ताईंनी रस पाजला, पण दोन ग्लास पिऊनही तो ओरखडा काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

ताईंच्या काम करण्याच्या दोन पद्धती होत्या आणि दोन्हींची कार्यालयात थट्टा होत असे. शेतात मोजणी करणारे पथक रोज एक वही लिहिते. कुठे यंत्र बंद पडले, कुठे बैल वायरीवरून गेला, कुठे शेतकऱ्याने हाकलून दिले. आमच्यापैकी कोणी त्या वह्या उघडत नसे. ताई पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत, अगदी चहाचा डाग पडलेले पानसुद्धा. आणि दुसरे म्हणजे, ज्या जमिनीचा नकाशा त्यांच्या हातून जाणार ती जमीन त्या पायी फिरून येत. गावातल्या विहिरी पाहत, बायकांना विचारत की पाणी किती खोल, मुरूम कुठे लागला, काठ ढासळतो का. "मॅडम तेल शोधायला जातात की पाणी?" असा विनोद आमच्याकडे होता. तो मीच सुरू केला होता.

एकदा त्यांनी आम्हा चौघा नवशिक्यांना खाप्याजवळ कन्हान नदीच्या काठी नेले, प्रत्येकाच्या हातात फावडे दिले आणि घट्ट जमीन लागेपर्यंत खणायला सांगितले. दुपारपर्यंत एकाचा खड्डा गुडघ्याएवढा होऊन संपला. माझा छातीएवढा झाला तरी वाळूच निघत होती. ताई काठावरच्या बाभळीखाली बसून सगळ्यांकडे पाहत होत्या. "दहा पावलांवर जमीन बदलली," त्या म्हणाल्या, "अन् तुमी एसीत बसून दोन मैल खालचं सांगता." मग डब्यातून पातोडी आणि भाकरी निघाल्या. हाताला फोड आले होते, तरी त्या दिवसाइतके मी परत कधी जेवलो नाही.

आता त्या नकाशाकडे येतो.

गुजरातेतल्या पट्ट्याचे त्रिमितीय सर्वेक्षण पूर्ण होऊन त्याचा ठोकळा नागपूरला आला. मधला भाग माझ्याकडे होता. पडद्यावर सुंदर घुमट दिसत होता आणि त्याच्या बरोबर मधून एक तड गेली होती. तडीच्या पश्चिमेकडचे सगळे थर खाली घसरलेले. अशा तडीला आम्ही फॉल्ट म्हणतो. मी ती लाल रेघेने आखली. मला त्या रेघेचा फार अभिमान होता. तिच्यामुळे घुमटाचे दोन तुकडे होत होते आणि एकेका तुकड्यात तेलविहीर खणण्याइतके काही उरत नव्हते. याचा अर्थ असा की पट्टा सरकारला परत करायचा आणि कोळशाकडे वळायचे.

आमच्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. पहिल्या ओळीत ज्याने खडक वाचून रेघा ओढल्या त्याचे नाव, दुसरीत तपासणाऱ्याचे, तिसरीत मंजुरी देणाऱ्याचे. नकाशा खरा निघाला तर माणूस त्या पहिल्या ओळीने ओळखला जातो, खोटा निघाला तरीही तिनेच. मी पहिल्या ओळीत माझे नाव मोठ्या थाटात लिहिले. त्या आठवड्यात नामदेवरावांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते म्हणून ताई रजेवर होत्या. मी त्यांची वाट पाहिली नाही. मुख्य कार्यालयाला घाई होती आणि मला तिच्याहून जास्त. दुसऱ्या एका साहेबांनी तपासल्याची सही केली आणि नकाशा गेला.

ताई परत आल्या, प्रत पाहिली आणि लाल रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाल्या, "काहून गा, ही रेघ तुले कोणी सांगितली?"

"डेटामध्येच दिसतेय मॅडम. अगदी स्वच्छ आहे."

"आडवे काप काढ."

मी ठोकळ्याचे आडवे काप काढायला लागलो. वरचा, त्याखालचा, त्याखालचा. प्रत्येक कापात माझी तड होती. प्रत्येक कापात ती तंतोतंत त्याच जागी होती. खरा फॉल्ट तिरपा उतरतो, खोल जाऊ तसा बाजूला सरकतो. ही तड ओळंब्यासारखी सरळ खाली उतरली होती आणि थरही सगळीकडे सारखेच घसरलेले होते.

"गाठ सरकून राहिली का?" ताईंनी विचारले.

सरकत नव्हती. हा झाडाचा दोष नव्हता, करवतीच्या दाताचा होता. खाली काही तुटलेच नव्हते. जे काही बिघडले होते ते अगदी वर, जमिनीलगत होते, आणि त्याची सावली खालपर्यंत पडली होती. तो नकाशा पाहून मुख्य कार्यालयात पट्टा परत करण्याची टिपणी लिहून तयार झाली होती.

मला वाटले आता ताई बोलतील. त्यांनी त्याऐवजी पथकाच्या वह्या मागवल्या. वरच्या मऊ मातीतून लहर सावकाश जाते, म्हणून ती माती कुठे किती जाड आहे हे मोजायला पथक ठिकठिकाणी खोल छिद्र पाडते आणि त्यानुसार सगळ्या आकड्यांत दुरुस्ती होते. तिसऱ्या वहीत ताईंना एक ओळ सापडली. जिऱ्याचे पीक उभे आहे, मालक नको म्हणतो, छिद्र पूर्वेच्या पडीक शेतात घेतले. एवढेच. पथकाला वाटले, एक शेत इकडे काय आणि तिकडे काय.

चार दिवसांनी आम्ही दोघे त्या गावात होतो. निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या ताई पदर डोक्यावर घेऊन विहिरीमागून विहीर पाहत चालल्या होत्या आणि मी पाण्याची बाटली घेऊन मागे. एका शेतात एक म्हातारी जिरे पाखडत बसली होती. ताईंनी आपल्या नागपुरी हिंदीत विचारले, "बाई, इधर के कुएँ काहे को बांध के रखे?" म्हातारीने आपल्या गुजराती हिंदीत सांगितले की या बाजूच्या विहिरी ढासळतात, कितीही खणा वाळूच लागते, म्हणून सिमेंटच्या कड्या टाकाव्या लागतात. पलीकडच्या शेतातल्या विहिरी मात्र आपोआप उभ्या राहतात. तिच्या सासऱ्याचे म्हणणे होते की फार पूर्वी इथून नदी जात असावी.

ताईंनी तिला नमस्कार केला. मग कड्यांच्या विहिरी कुठे संपतात आणि मोकळ्या विहिरी कुठे सुरू होतात ते पाहत आम्ही उन्हात कोसभर चाललो आणि मी प्रत्येक जागा नकाशावर टिपली. शेवटची खूण केली तेव्हा मला हसावे की रडावे कळेना. सगळ्या खुणा माझ्या लाल रेघेवर बसल्या होत्या. मी ज्याला खडकातली तड म्हणत होतो तो बुजून गेलेल्या नदीचा काठ होता. पश्चिमेच्या जाड वाळूत लहर रेंगाळून उशिरा परतली होती, म्हणून तिकडचे थर खाली घसरल्यासारखे दिसले.

"वा!" ताई म्हणाल्या. "रेघ तं तू बरोबर ओढली. फक्त दोन मैल खाली ओढली."

जिऱ्याच्या मालकाला ताईंनी स्वतः विचारले, पीक निघाल्यावर छिद्र घेऊ का म्हणून. त्याने होकार दिला आणि वर ताकही पाजले. छिद्र झाले, दुरुस्ती नव्याने झाली, सगळा ठोकळा पुन्हा तयार झाला. पडद्यावर तो उघडला तेव्हा आमच्या खोलीत आठ माणसे उभी होती. तड गेली होती. दोन तुकड्यांच्या जागी एकच अखंड, मोठा, देखणा घुमट होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "आता आडवे काप काढ." सगळे काप तपासून होईपर्यंत त्यांनी कोणाला चहा पिऊ दिला नाही.

मुख्य कार्यालयातल्या बैठकीत पट्ट्याचा निकाल लागायचा होता. नियमाप्रमाणे जुना आणि नवा असे दोन्ही नकाशे ठेवायचे होते. निघायच्या आदल्या दिवशी ताईंनी मला बोलावले. टेबलावर मुख्य कार्यालयाकडून परत मागवलेला जुना नकाशा होता. त्यांनी कोपऱ्यातल्या पहिल्या ओळीतले माझे नाव वाचता येणार नाही असे पेनाने खोडले, वर स्वतःचे लिहिले आणि विभागप्रमुख म्हणून सही केली.

"मॅडम, हे बरोबर नाही."

"तुझ्या कराराचा कागद याच महिन्यात त्याईच्या टेबलावर जाऊन राहिला. हा नकाशा पाहून ते तुले ठेवतील का? माझं काय करतील? मले तं सहा महिन्यात घरीच जायचं आहे."

"पण चूक माझी आहे."

"माझ्या विभागाची आहे. तू दोन वर्षांचा, मी पस्तीस. मी रजेवर गेली तं कोणाले सांगून गेली का, नकाशा थांबवा म्हणून? जा, तिकिटं पाह्य."

आणि नव्या नकाशाच्या पहिल्या ओळीत त्यांनी दोन नावे लिहिली. माझे आधी.

बैठकीत मी मागच्या रांगेत बसलो होतो. अध्यक्षांनी जुना नकाशा उचलला, कोपरा वाचला आणि सर्वांना ऐकू जाईल असे विचारले की पस्तीस वर्षांच्या अनुभवानंतर माणूस नदी आणि फॉल्ट यांत गोंधळ करतो का. काही जण हसले. मी उठायला हवे होते. मी बसून राहिलो. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक झाली. ती कशी झाली आणि कशी सापडली, ते या दुसऱ्या नकाशात आहे." मग त्यांनी तासभर आडवे काप, वहीतली ती ओळ, विहिरींच्या खुणा, असे एकेक समोर मांडले. खोलीतले हसू कुठल्या कुठे गेले. शेवटी अध्यक्षांनी विचारले की हाही नकाशा खोटा निघाला तर काय.

"तर तोही माझाच," ताई म्हणाल्या.

इतिवृत्तात तसे लिहून घेतले गेले. सोमकुवर यांच्या जबाबदारीवर एक तेलविहीर. पस्तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या नावावर कितीतरी कामे करून दिली होती. स्वतःच्या नावावरची ही पहिली आणि वयोमानाने शेवटची. कोरडी निघाली असती तर निरोपाच्या समारंभात लोकांनी हार घातले असते आणि पाठ फिरताच ती कोरडी विहीर आठवली असती.

खोदकामाच्या जागी ताईंनी मला पाठवले. "तू जा. तुले पाहाले पाहिजे," म्हणाल्या. महिनाभर मी तिथल्या डब्यासारख्या खोलीत राहिलो आणि वर येणारा खडकाचा चुरा रोज भिंगाखाली पाहिला. जी वाळू हवी होती ती नकाशात लिहिलेल्या खोलीच्या अगदी जवळ लागली. चुऱ्याला तेलाचा वास होता. मी तो नाकाशी धरून इतका वेळ उभा राहिलो की खोदकामावरच्या सरदारजींनी विचारले, जेवण सोडून आता हेच खाणार का?

चाचणीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास झडप उघडली. आधी नुसता फुत्कार. मग नळीच्या टोकाशी ज्योत धरली आणि वायू भडकून पेटला, त्याचा आवाज छातीत घुमला. थोड्या वेळाने टाकीच्या तोंडाशी काळपट हिरवे तेल येऊ लागले. सरदारजींनी मला उचलून गरकन फिरवले. गावातली माणसे बांधावर उभी राहून ओरडत होती. जिऱ्याचा मालक तर सगळ्यांना सांगत सुटला होता की हे माझ्या शेतामुळे झाले. एका अर्थी ते खरेच होते.

मी नागपूरला फोन लावला. माझ्याने धड बोलवेना. "मॅडम, आलं! वायू आला, तेलही आलं!"

पलीकडून प्रश्न आला, "वाळू किती खोलीवर लागली होती म्हटलं?"

मी आकडा सांगितला. कागद उलटल्याचा आवाज आला.

"दोन मीटरनं चुकलो गा आपण," ताई म्हणाल्या, आणि अशा काही हसल्या की मागे उभा असलेला अख्खा विभाग हसायला लागल्याचे मला फोनवर ऐकू आले. त्या दिवशी कार्यालयात संत्रा बर्फीचे डबे इतके आले की शिपायापासून संचालकापर्यंत सर्वांनी घरी नेले. पट्टा परत करण्याची टिपणी कोणीतरी फाडून टाकली. आज त्या घुमटावर आमच्या अनेक तेलविहिरी चालू आहेत. त्यांतल्या दोन अगदी माझ्या लाल रेघेवर उभ्या आहेत.

ताईंच्या निरोप समारंभात एका वक्त्याने म्हटले, "सोमकुवर मॅडमनी चूकही स्वतःच केली आणि सुधारलीही स्वतःच." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्या टाळीची मला आजही लाज वाटते. जेवणाच्या वेळी नामदेवराव माझ्याजवळ ताट घेऊन आले. त्यांना सगळे ठाऊक होते. "खा गा," म्हणाले, "तोंड काहून पाडून राहिला? तिनं केलं ते तिच्या मनानं केलं." मी कसेबसे दोन घास खाल्ले.

गोष्ट तिथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण तो जुना नकाशा आता आमच्या प्रशिक्षणात शिकवला जातो. नवीन मुलांना तो पडद्यावर दाखवतात आणि सांगतात की अनुभवी माणसाकडूनही चूक होते. कोपऱ्यात ताईंचे नाव असते. दर वर्षी वीस-पंचवीस मुले ते नाव त्या चुकीसह पाठ करतात. त्यांना ताईंचे दुसरे काही माहीत नसते.

करार संपून नोकरी कायम झाली त्याच वर्षी मी अभिलेख विभागाकडे गेलो. नाव बदलायचे आहे म्हटले. तिथल्या बाईंनी नियम दाखवला. ज्यांचे नाव खोडायचे त्यांचीच संमतीची सही लागते. तेव्हापासून दर वाढदिवसाला मी अर्ज घेऊन ताईंच्या घरी जातो. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, चष्मा सापडत नाही. दुसऱ्या वर्षी पेन नव्हते, मी माझे दिले तर म्हणाल्या यानं हात दुखते. मग म्हणाल्या, तुझी बढती होऊन जाऊ दे. बढती झाली. आता मी त्याच विभागाचा प्रमुख आहे, तर म्हणतात, "आता तं मुळीच नाही. तुझ्या हाताखालची पोरं तुले हसतील." आणि विषय बदलून वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात दर रविवारी त्या भौतिकशास्त्र शिकवतात तिथली कोणती मुलगी कोणत्या महाविद्यालयात गेली ते सांगत बसतात. ते ऐकताना अर्ज माझ्या मांडीवरच राहतो.

म्हणून यंदा मी वाट बदलली आहे. या ग्रंथाचे वाचक म्हणजे ताईंचे विद्यार्थी, सहकारी, आप्तेष्ट, आणि ज्या कार्यालयात तो नकाशा आहे तिथली माणसे. तुम्हा सर्वांसमोर सांगतो. तो नकाशा मी काढला. ती लाल रेघ माझी आहे, ती काढताना मी कोणाला विचारले नाही, आणि बैठकीत गप्प बसलो तोही मीच. हसणाऱ्या पोरांनी खुशाल हसावे. माझ्या हाताखालच्या पोरांना मी आधीच सांगून टाकले आहे. त्यांतला एक जण दुसऱ्या दिवशी स्वतःची एक चूक घेऊन माझ्याकडे आला, त्यामुळे ताईंचे म्हणणे निदान एकदा तरी खोटे ठरले.

इंदुताईंना भरभरून आयुष्य मिळावे आणि ते सगळे धडधाकट जावे. गुडघ्यांनी कुरकुर थांबवावी, म्हणजे अजून काही विहिरी आम्हाला दाखवता येतील. जिभेची धार तशीच आहे, तिच्यासाठी काही मागायची गरज नाही. नामदेवरावांची साथ अशीच लांबत जावो. आणि ताईंचा उजवा हात खणखणीत राहावा, ही माझी सर्वांत स्वार्थी इच्छा. सत्काराच्या दिवशी हारासोबत तो अर्ज आणि उघडलेले पेन घेऊन मी व्यासपीठावर येणार आहे. सभागृहात इतकी माणसे असतील की चष्मा कोणीतरी नक्कीच काढून देईल.